वरच्या मजल्यावरचा चोर आणि माझा घसा

मी शॉवर बोलतोय. कर्वेनगरातल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, अनंतरावांच्या बाथरूममध्ये टांगलेला. सांगतो ते अक्षरन् अक्षर खरं आहे, माझ्या साठ भोकांची शपथ. म्हणजे भोकं अठ्ठेचाळीसच आहेत, पण शपथेतला आकडा जरा भरदार असावा.

माझा जन्म जर्मनीतला. खोक्यावर तसं छापलंच होतं. खोकं मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी शॉवरचं होतं. कसबा पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी धूळ खात पडलो होतो, तिथे अनंतरावांनी मला उचललं, उलटं करून हलवलं, कानाशी धरलं, वाससुद्धा घेतला.

"किती वर्षं टिकेल?"

"तुम्ही आहात तोवर टिकेल," दुकानदार म्हणाला. "पुढचं विचारायला तुम्ही येणार नाही."

अनंतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या अर्जांत खोट शोधली. आता अर्ज येत नाहीत, म्हणून दूधवाल्यात, वॉचमनमध्ये आणि कॅलेंडरात शोधतात.

मला आणलं ते त्यांच्या पत्नीसाठी. श्यामलाबाईंचा उजवा खांदा आखडला होता. हात डोक्यापर्यंत जाईना, तांब्यातलं पाणी पाठीऐवजी भिंतीवर पडे. माझ्याखाली मात्र कोमट धार थेट खांद्यावर यायची, केस एका हाताने धुता यायचे. "माझी आंघोळ मला एकटीला करता यावी, दुसरं काही मागत नाही," त्या म्हणायच्या. मी छाती फुगवायचो. शॉवरला छाती नसते, हे मान्य.

मग धार बारीक होत गेली. आधी कडेची भोकं मिटली, नंतर मधली. शेवटी चार थेंब, तेही तिरके. तांब्या घेऊन अनंतरावांना आत यावं लागलं. एका हाताने ते पाणी ओतायचे, दुसऱ्याने छताकडे बोट दाखवायचे.

"वरच्या सर्जेरावांनी चोरून मोटर लावलीय. शेतकरी माणूस, पाणी ओढायची सवय जाते थोडीच!"

"अहो, डोळ्यात गेलं."

"बघ! तांब्यात आहे, नळात नाही. मी म्हणत नव्हतो?"

ही सोसायटी जिच्यावर उभी आहे ती जमीन एकेकाळी सर्जेरावांच्या वडिलांची. अनंतरावांनी सर्जेरावांना जिन्यात गाठलं. पाइपातून मला सगळं ऐकू येतं.

"मोटर? आवो, आमच्यात शॉवरच न्हाई. आमी बादलीनं आंघोळ करतो."

"तेच म्हणतो मी. शॉवर नाही, मग एवढं पाणी जातं कुठे?"

सर्जेरावांचं पाण्याचं कनेक्शन तोडावं असा अर्ज अनंतरावांनी लिहून काढला. रविवारी सोसायटीची मीटिंग होती. घशात काहीतरी अडकलंय हे मला कळत होतं, तरी मीही संशय सर्जेरावांवरच घेतला. ज्यांच्या घरी टांगून राहायचं, त्यांचाच संशय आपणही धरायचा असतो.

शनिवारी सकाळी अनंतराव अर्जाच्या झेरॉक्स काढायला गेले. प्रत्येक प्रत मूळ अर्जाशी ताडून पाहिल्याशिवाय ते दुकान सोडत नाहीत, म्हणजे दोन तासांची निश्चिंती. तेवढ्यात सर्जेरावांच्या पत्नी, प्रेमलाबाई, खाली आल्या.

"आंघोळीचे हाल चाललेत म्हनं तुमचे, वहिनी?" त्यांनी मान वर करून मला न्याहाळलं. "फवारणीच्या पंपाचं तोंड असंच बुजतंय. पान्याचा क्षार धरतो. टाचणी खुपसायची न्हाई, भोकं मोठी व्हत्यात. भिजू घालायचं."

माझी चकाकी जाऊ नये म्हणून त्यांनी मानेला फडकं गुंडाळलं आणि पान्ह्याने मला फिरवून उतरवलं. गरम पाणी आणि व्हिनेगर घातलेल्या पातेल्यात मी तासभर पडून होतो. पांढरा थर मऊ झाला, तो त्यांनी जुन्या टूथब्रशने घासला. त्या बाईवरही मला संशय होताच, पण एकेक भोक उघडू लागलं तसा तो जरा सैल झाला.

एवढ्यात अनंतराव दारात.

"हे काय चाललंय माझ्या घरात?"

"चोरी," श्यामलाबाई म्हणाल्या. "स्टूल धरा."

प्रेमलाबाईंनी माझ्या घशात बोट घातलं आणि गाळाने काळा झालेला, घडी घातलेला रुमाल ओढून काढला. त्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने 'अ' भरलेला होता. श्यामलाबाईंच्या हातचा टाका. उन्हाळ्यात टँकरचं गढूळ पाणी येतं, तेव्हा लोक नळाच्या तोंडाला फडकं बांधतात. अनंतरावांनी मला उतरवून हा रुमाल आत बसवला होता, आणि गाळ मिसळणारा टँकरवाला सावध होईल म्हणून घरातही सांगितलं नव्हतं. मग स्वतःच विसरले.

ते तसेच वर गेले, सर्जेरावांचे हात धरून माफी मागितली आणि अर्ज फाडून टाकला.

तेव्हा मंडळी, विनंती एवढीच: दर दोन महिन्यांनी मला उतरवून भिजवा, आतली जाळी धुवा, गळू नये म्हणून आट्यांना टेफ्लॉनची टेप गुंडाळून परत बसवा. शेजाऱ्यावर अर्ज लिहायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता शपथ घेतलीच आहे, तर कबूल करतो. रुमाल खरा, तो अनंतरावांनी घातला हेही खरं. घालताना मी पाहिलं होतं. पण निळा 'अ' माझ्या पदरचा, आणि ती माफी नि अर्ज फाडणंसुद्धा. रुमाल कोरा होता. अनंतरावांनी तो दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "हा आत कुणी घातला, याचा तपास झाला पाहिजे."

"तपास बाहेर करा," प्रेमलाबाईंनी मला परत जागेवर बसवताच श्यामलाबाई म्हणाल्या. अनंतरावांच्या हातातला अर्ज झेरॉक्ससकट ओढून घेऊन त्यांनी बाथरूमला आतून कडी लावली. अर्धा तास त्या एकट्या माझ्या धारेखाली उभ्या होत्या. पाय घसरू नये म्हणून कागद खाली पसरले होते.