मधली कोरडी रेघ

नाथाजी पवार फौजेत विमानांच्या वर्कशॉपला फिटर होते. पेन्शनीत इस्लामपूरला आले तरी हात स्वस्थ बसेनात. पडवीत बसून ते खरोखर उडणारी छोटी विमानं करायचे, शेपटीच्या हलत्या पट्टीच्या बिजागऱ्यासुद्धा घरच्याच. पत्र्याची लावली की शेपूट जड होतं आणि विमान नाक वर काढून आपटतं. म्हणून नायलॉनच्या कापडाची पट्टी घ्यायची, तिच्या दोन्ही कडांवर काचतंतूंचं कापड ठेवायचं आणि वरून रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चीक, चढवायचा. मधली रेघ तेवढी कोरडी राखायची. तिथंच ती वाकते.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभही दगा देऊ लागली. मनात एक शब्द असायचा, तोंडातून भलताच पडायचा. अर्धवट विमान खुंटीला तसंच लटकत राहिलं.

चैतात एका दुपारी त्यांच्या बायकोनं, मायानं, ते खाली काढलं. "मी करते. तुमी निस्तं बसून सांगा."

तिचा शिवणकामाचा हात. कापड बेतानं कापलं, मधली रेघ कोरडी राहावी म्हणून तिच्या दोन्ही अंगांना मेण ओढलं, रेझिनमध्ये हार्डनर मापून ढवळला. ब्रश फिरू लागला तशी नाथाजींची मान डोलू लागली.

मग त्यांना दिसलं. ब्रश जास्त भिजला होता. एका जागी रेझिन मेण ओलांडून रेघेत झिरपत होतं. उन्हाळ्यात ते बघता बघता घट्ट होतं. आत्ता पुसलं तरच पुसलं.

'पूस,' असं त्यांना म्हणायचं होतं.

"पाणी," ते म्हणाले.

"तहान लागली व्हय? एवढं झालं की देते."

"पाणी! पाणी!" पट्टीकडं बोट न्यायला ते पुढं झुकले आणि खुर्चीसकट कलंडायला आले. मायानं ब्रश टाकून त्यांना सावरलं. "आवं, आणते की! केवढा तरास करून घेताय!" ती लगबगीनं आत गेली.

डावा हात टेबलाच्या कडेपर्यंतच पोचत होता. ओली चकाकी सरकत गेली, रेघ भरत गेली. ते बघत राहिले.

तिनं तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. तहान नव्हती. ते प्याले.

संध्याकाळी तिनं पट्टी उचलली. ती वाकेचना. जोर दिला तशी कडकन मोडली.

"माझं काय चुकलं वं?"

नाथाजींचे ओठ हलले. आता कुठला शब्द बाहेर पडेल, याचीच त्यांना भीती वाटली, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.