मुकादमाची हाक

सोमलिंगला मुकादम केलं ते त्याच्या घशाकडे बघून. हिशेब त्याला जेमतेम जमायचा, पण आवाज असा, की सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलांनी घोषणा द्यायला त्यालाच नेलं होतं आणि त्यानं कुणाचाच शब्द मोडला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात लोहाऱ्याच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा साहेबांना शिट्टी विकत आणायची गरजच वाटली नाही.

कामाची रीत ठरलेली होती. गडी खाली खड्ड्यात टिकाव मारायचे, बाया मातीच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर भरावावर टाकायच्या. दुपारी बैलगाडीवरून पाण्याचं टिपाड यायचं आणि खड्ड्यांशेजारच्या बाभळीखाली थांबायचं. सोमलिंग छाती भरून हाक द्यायचा, "चला रे गड्यांनो, पाणी प्याऽ!" गडी प्यायचे, तोंडं धुवायचे, ओला हात मिशांवरून फिरवायचे. बाया भरावावरून उतरून येईपर्यंत तळाला गाळ उरलेला असायचा. त्यातलं पाणी त्या पदरातून गाळून प्यायच्या. त्या बायांत सोमलिंगची बायको कडूबाईही होती. हे त्याला ठाऊक होतं, पण पहिला तांब्या मुकादमाचा असल्यामुळे तेवढ्या वेळात तो बाभळीखाली डोळे मिटून पडलेला असायचा.

एका सकाळी त्यानं नेहमीसारखी हाक दिली, "उठा रे गड्यांनो, लागा कामाला!" गडी उठले. बाया मात्र पाट्या पालथ्या घालून त्यांवर बसून राहिल्या.

"ऐकू आलं न्हाय व्हय?" सोमलिंगनं विचारलं.

"आलं की," भिमाबाई म्हणाली. ती वयानं सगळ्यांत मोठी, आणि तिला कुणाच्या बापाची भीती नव्हती. "तू गड्यांना हाक मारलीस, गडी उठले. पाणी प्या म्हनतूस, तवाबी गडीच पितेत. आमी म्हनलं, आपल्याला कुनी बोलावलं न्हाय, तर उगं मधी मधी कशाला लुडबुडायचं?"

सोमलिंगनं बायकोकडे पाहिलं. कडूबाई मन लावून पायातला काटा काढत होती. पायात काटा नव्हता.

घटकाभरात खड्ड्यांत माती साचली. टिकाव उचलायला जागा उरेना. दोन दिवसांनी साहेब माप घ्यायला येणार होते. सोमलिंगनं घसा साफ केला आणि हाक दिली, "उठा गं बायांनो!" बाया उठल्या. लगेच खड्ड्यातला ज्ञानोबा टिकाव टाकून मटकन खाली बसला.

"आता बायांची पाळी दिसतीया," तो म्हणाला. "आमी जरा इसावा घेतो."

मग जो तो आपली अक्कल पाजळू लागला. बलभीम म्हणाला, "मजुरांनो म्हना." ते ज्ञानोबाला झोंबलं. विहीर आटली म्हणून काय झालं, जमिनीचा मालक होता तो! कुणी 'लोकहो' काढलं. पण ते पडलं दवंडीवाल्याचं. ते ऐकून माणूस दारात येतो आणि बघत उभा राहतो, कामाला काही लागत नाही. शेवटी भिमाबाईच म्हणाली, "मंडळी म्हन की. त्यात समदी आली." गडी फिदीफिदी हसले, कारण मुकादमाची मंडळी म्हणजे कडूबाई. हसले तरी ठरलं तेच. "मंडळीऽ, चला!" सोमलिंग ओरडला आणि सगळी एकदम उठली. त्याला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

दुपारी टिपाड आलं. "मंडळीऽ, पाणी प्याऽ!" हाक एवढी मोठी की बैल बुजले. बाया उतारावरून पळत आल्या. पण गडी चार पावलांवर होते. बाया पोचल्या तेव्हा मिशांवरून हात फिरून झाले होते.

आपल्या नव्या हाकेची करामत बघायला सोमलिंग त्या दिवशी जागा होता. त्यानं बघितलं, कडूबाई टिपाडात कमरेपर्यंत वाकली. तांब्यावर पदर ताणून तिनं तळाचं तांबूस पाणी गाळलं, एक घोट घेतला आणि थुंकली. मग उरलेलं पिऊन टाकलं. त्याच्याकडे तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. सोमलिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी गाडी बाभळीकडे वळली तसा तो आडवा गेला.

"वर ने. भरावापाशी."

"तितं सावली न्हाय मुकादम," गाडीवान म्हणाला.

"पान्याला सावली कशाला लागती? वर ने म्हनलं ना!"

टिपाड भरावावर उभं राहिलं. सोमलिंगनं छाती भरली, आणि इतक्या दिवसांच्या सवयीची जीभ, तिनं दगा दिलाच. "चला रे गड्यांनो, पाणी प्याऽ!" त्यानं जीभ चावली. पण रुसायला तिथं होतं कोण? हाक संपायच्या आत बायांनी टिपाडाला वेढा घातला होता. त्या वरचं निवळ पाणी पोटभर प्यायल्या. गडी चढण चढून धापा टाकत आले.

"हाक तर आमाला मारली हुती," ज्ञानोबा कुरकुरला.

"तुमालाच मारली की," कडूबाई म्हणाली. "हाक घ्या तुमी."

"उद्या मंडळी म्हन रं, इसरू नगं," तोंड पुसत भिमाबाईनं बजावलं.

बायांनी तोंडं धुतली नव्हती, त्यामुळे पाणी गड्यांनाही पुरलं. राहिला तो मुकादम. त्यानं आज पहिला तांब्या घेतलाच नव्हता, आणि आता मागायची लाज वाटत होती. तो लांब उभा राहून उगाच भरावाकडे बघत होता. कडूबाई टिपाडात वाकली. तिनं पदर ताणून तळाचं पाणी गाळलं. लग्न झाल्यापासून तिनं त्याला 'अहो'च्या पुढं काही म्हटलं नव्हतं. आज तिनं सगळ्या भरावाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"ओ गडीऽ! या, पाणी प्याऽ!"

भराव हसून लोटपोट झाला. सोमलिंग खाली मान घालून आला. तांब्या तोंडाला लावला. पदरातून गाळलं होतं, तरी दातांखाली वाळू कचकचली. ती थुंकावीशी वाटली, पण कडूबाई समोर उभी होती. त्यानं ती गिळली.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"गार हाय," तो म्हणाला, इतक्या हळू, की ते फक्त तिलाच ऐकू गेलं.