चार बोटांचा हात

जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत माणसंच माणसं. मधोमध पुरलेली हाडं काढून करणी दाखवणारे हाडवाले बाबा. त्यांनी खिडकीतल्या कुंडीत हात घातला, डोळे फिरवले आणि बोटाएवढा हाडांचा पंजा वर धरला.

"हा बघा पोराचा हात! घरातल्याच बाईनं पुरलाय. कुंडी कुणाची?"

कुंडी त्या घरातल्या थोरल्या जावेची होती.

धाकट्या जावेचं बाळ सातव्या महिन्यात जन्मलं आणि दोन दिवसांत गेलं. ते दोन्ही दिवस इस्पितळात तिच्या उशाशी बसली होती ती थोरलीच. आता सासू तिला म्हणत होती, "आत्ताच्या आत्ता चालती हो." दोघा-तिघांनी थोरलीला दाराकडे रेटलं.

मी वरच्या मजल्यावर राहते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबा, याला चारच बोटं कशी?"

"पाचवं तिनं जाळलं! करणीला एक बोट लागतंच."

उत्तर तयारच होतं. लोकांनी माना डोलावल्या. मी तडक वर गेले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घरी आणलेला बेडकाचा सांगाडा घेऊन खाली आले.

"मॅडम, हे काही तुमचं कॉलेज नाही," कुणीतरी खेकसलं.

मी लक्ष दिलं नाही. धाकटीजवळ बसले. "तुझ्या बोटांची पेरं मोज."

ती रडतच मोजू लागली. "अंगठ्याला दोन. बाकी सगळ्यांना तीन."

"तुझ्या बाळाचीही तेवढीच असणार. आता हा पंजा मोज."

"दोन... दोन... तीन... तीन." ती थांबली. पुन्हा मोजलं. "दोन बोटांना दोन-दोनच?"

"माणसाच्या हातात दोन पेरांचं बोट एकच, अंगठा. पाचवं बोट जाळलं म्हणून दुसरा अंगठा उगवत नाही! हा बेडकाचा पुढचा पाय आहे. त्याला बोटंच चार, आणि पेरं अशीच." मी सांगाडा पुढे केला. "मनगटापासून कोपरापर्यंतचं हाड बघ. आपल्याला दोन असतात, बेडकाची दोन जुळून एक झालेली. इथेही एकच आहे. आणि मातीत पडलेली हाडं सुटी होतात. ही डिंकानं चिकटवली आहेत."

"देवाची परीक्षा घेतेस?" बाबा गरजले आणि झोळी उचलू लागले.

धाकटीनं झोळी हिसकावली आणि उपडी केली. कापसात गुंडाळलेले आणखी तीन पंजे फरशीवर पडले. असाच एक बाहीतून मुठीत आणि मुठीतून मातीत गेला होता. उरलेले तीन पुढच्या तीन घरांसाठी होते.

मग सगळे बाबांवर धावून गेले. मला त्यांचाही संताप आला. हेच हात क्षणापूर्वी थोरलीला उंबऱ्याबाहेर ढकलायला निघाले होते.

पोलीस आले, बाबांना घेऊन गेले. धाकटी थोरलीच्या गळ्यात पडली. थोरलीनं तिला दूर लोटलं नाही, जवळही घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "तू तरी मला विचारायचं होतंस."

बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, म्हणून गेलं. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण कारण ऐकायला कुणी जमलं नव्हतं. गुन्हेगार दाखवतो म्हटल्यावर अख्खी इमारत लोटली. तुमच्या दारात असा कुणी आला, तर हात जोडू नका. त्यानं पुढे केलेली वस्तू हातात घ्या, उजेडात धरा आणि स्वतः मोजा.