वाकळंतली डाळ

चौसाळ्याच्या शिवारात सोसायटीनं गुरांची छावणी टाकली, त्या साली पाऊस मृगात तोंड दाखवून गेला तो गेलाच. आठशे जनावरं, आन त्यांच्यापाशी राहणारी शंभरेक माणसं. ह्या माणसांच्या दुपारच्या जेवणाचं काम सुभद्राबाईच्या बचत गटाकडं होतं. काम टिकलं तर तिच्या सुनेला, कौशल्याला, सहा महिन्याचं पोट घिऊन उसाच्या फडात जायाची पाळी येणार न्हवती. ऊसतोडीचा मुकादम दोनदा दारात येऊन गेलता. बाईनं दोन्ही टायमाला चहा पाजून वाटंला लावला.

पण घोडं अडलं जळणावर. गुरं छावणीत, आन तिथलं शेण सोसायटी खताला इकायची, मग गोवऱ्या कशाच्या थापायच्या? कापूस उगवलाच न्हवता, तर पऱ्हाट्या कुठनं येणार? सोसायटी रोजच्याला लाकडाचं एक वझं द्यायची. बोअरचं पाणी असलं जड, की तुरीची डाळ दोन तास ढिम्म हलायची न्हाई. डाळीतच अर्धं वझं खपायचं आन शेवटच्या पंगतीला भाकरी पुरायची न्हाई.

सोसायटीचे चेरमन बबनराव येऊन म्हणाले, "काकू, दोन दिस बघतो. मग हाटेलवाल्याला सांगतो. माणसं उपाशी उठत्यात, मी काय उत्तर देऊ?"

सुभद्राबाईनं पदर खोचला आन गटातल्या जगदेवीकडं गेली. जगदेवी म्हंजी किराणावाल्या वीरभद्राची बायको. बीडला कुठलंबी शिबिर असलं की पयली गाडीत बसणारी.

"मावशी, शिबिरात एका बाईनं सांगितलेलं," जगदेवी म्हणाली. "विलायतंत लढाईच्या साली जळण मिळंना. मग बाया काय करायच्या, पातेल्याला एक दणकून उकळी आणायच्या आन गवतानं भरलेल्या पेटीत दडपून ठिवायच्या. इस्तू न्हाई, काई न्हाई. आपल्याच उष्णतेवर शिजायचं."

"शिजायचं का नुसतं कोमट व्हायचं?"

"ते मी बघितलं न्हाई बा."

"मग आपुन बघू."

दुसऱ्या दिशी छावणीच्या कडंला खड्डा खांदला. जगदेवीनं कडब्याच्या दोन पेंढ्या आणून टाकल्या, आन बैलापाशी बसलेला बिभीषण बोंबलतच आला. "ओ काकू! माझ्या बैलाच्या तोंडचा घास पातेल्याला घालता व्हय? लाज हाय का न्हाई?"

सुभद्राबाईनं कपाळावर हात मारला. छावणीत कडब्याला हात लावणं म्हंजी दुसऱ्याच्या ताटात हात घालणंच की! तिनं पेंढ्या मुकाट्यानं माघारी दिल्या. बिभीषणाचाबी राग उतरला. गव्हाणीखालचं वाळलेलं चघळ, गुरं तोंड लावत न्हाईत ते, त्यानंच दोन पाट्या आणून दिलं. घराघरातनं जुन्या वाकळा आल्या. खड्ड्यात चघळ, त्यावर वाकळ, मधी उकळतं पातेलं, वरनं आणखी चार वाकळा.

आता गुमान बसायचं ना? छे! आपल्याकडं डाळीचा दाणा बोटात दाबून बघितल्याबिगर बाईच्या जिवाला चैन न्हाई. अकरा बाया, अकरा वेळा झाकण निघालं. शेवटचा हात तर खुद सुभद्राबाईचा. बाराला डाळ दातात कचकच वाजाय लागली. परत चुलीवर चढवावी लागली आन दोन पंगती भाकरीवाचून उठल्या.

"आता एकच दिस," जाता जाता बबनराव म्हणाले.

त्या दिशी कौशल्या बारक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मी जाते की फडात. बाया जात्यातच ना."

"गप. माझं डोकं चालतंय आजून."

तिसऱ्या दिशी नवाला डाळीला उकळी फुटली. पंधरा मिनिटं खदखदू दिली आन पातेलं खड्ड्यात दडपलं. मग सुभद्राबाईनं वाकळांवर लाकडी पाट टाकला आन त्यावर मांडी घालून बसली. "आता ज्येला दाणा बघायचाय त्यानं आधी मला उठवावं."

सगळं लाकूड तव्याखाली गेलं. कौशल्या भाकऱ्या थापत सुटली.

अकराला बबनराव आले. "काकू, अंडी उबवायला बसलाव का काय?"

"बसा की. पिल्लं बाराला निघत्यात."

"जरा उघडून दावा."

"न्हाई."

"अवो, मी चेरमन हाय!"

"म्हणूनच तर बसा म्हणले. दुसरा असता तर हाकललं असतं."

सारी छावणी हसली. बबनरावबी हसले, पण हाटेलवाल्याला लावायला मोबाईल हातातच होता. सुभद्राबाईच्या पायाला मुंग्या आल्या, कंबर धरली. पण बाई जागची हलली न्हाई.

बाराला ती उठली. झाकण काढल्याबरूबर वाफंचा लोट वर आला. पळी घातली तर डाळ लोण्यासारखी मोडली. कौशल्यानं चुलीवर फोडणी चरचरवली आन पयली पंगत बसली. शेवटच्या पंगतीतबी भाकरी उरली, लाकडाची चार ढलपंबी उरली.

बबनराव दुसऱ्यांदा डाळ घेत म्हणाले, "मग काकू, उद्यापासून लाकूड जरा कमीच देतो."

"द्या की," सुभद्राबाई म्हणाली. "पण छावणी मोडस्तवर सैंपाक गटाकडंच राहील, एवढं कागदावर लिवून द्या. आत्ता."

"आत्ता? हात खरकटे हायेत माझे."

"कौशल्या, चेरमनच्या हातावर पाणी घाल."