जिवंत पावडर

चमच्याची कड वितळलेली होती. पांढरा प्लॅस्टिकचा चमचा, यीस्टच्या डब्यात कंपनीनेच घालून दिलेला — सपाट भरून एक, सकाळ-संध्याकाळ — आणि त्याची कड आतल्या बाजूला मुडपली होती, एखाद्याने ओठ दुमडून हसू दाबावं तशी. सुदर्शनने तो उजेडात धरला. उन्हाने प्लॅस्टिक असं होत नाही. उंदराने तर नाहीच. असं होतं ते एकाच गोष्टीने, आणि ती गोष्ट गोठ्याच्या कोपऱ्यात तीन दगडांवर रटरटत होती.

"आई, पावडर कशात घालतेस तू?"

"आंबोणात. तूच सांगितलं न्हवं?"

"उकळत्या?"

"मंग?" सारजाबाईने लाकूड मागे ओढलं. "गार पाण्यात गुठळ्या व्हत्यात. बाजरीसंगं शिजली की कशी येकजीव व्हती. आन् तूच म्हणला व्हतास, त्यात जितं काय काय असतं. जितं कच्चं कसं घालायचं बाळंतिणीला?"

बाळंतीण म्हणजे गाय, आणि आंबोण म्हणजे तिच्यासाठी शिजवलेली बाजरी. व्याल्यानंतर वैरणीला तोंड लावेना, दूध आटत चाललं, तेव्हा सुदर्शनने नारायणगावहून हा डबा आणला होता. यीस्ट जिवंत असतं, हाच तर सगळा मुद्दा. ते गाईच्या पोटात जातं, तिथल्या जिवाणूंना हाताशी धरतं आणि वाळला कडबासुद्धा पचवून घेतं — हे त्याने घरात इतक्या वेळा समजावून सांगितलं होतं की बायको अश्विनी ते पोळ्या लाटता लाटता पाठ म्हणायची. आणि गाय सुधारली. खाऊ लागली, दूध वाढलं, डेअरीत फॅट चांगली लागायला लागली. म्हणजे इतके दिवस गाय रोज दोन वेळा मेलेलं यीस्ट खात होती, आणि मी मात्र गोठ्याच्या दारात हात पाठीमागे बांधून विज्ञानाचा विजय बघत उभा होतो…

मेलेल्या यीस्टमध्येही थोडी प्रथिनं असतातच, असं त्याला वाटून गेलं. लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. परीक्षेत नापास झालेला मुलगा अक्षराचे मार्क मागतो, त्यातलं ते होतं.

आज संध्याकाळी डेअरीत मीटिंग होती. राजुरीतल्या सगळ्या गोठ्यांसाठी हीच पावडर मागवायची का, हे ठरायचं होतं, आणि ते ठरायचं होतं सुदर्शनच्या शब्दावर. त्याच्या शब्दावर गावात आजवर काहीही ठरलेलं नव्हतं. बी.एस्सी. होऊन आल्यावर त्याने हिरवा चारा आंबवून साठवायचा मुरघासाचा खड्डा केला होता, त्यात पाणी शिरलं, हिरवा मका सडला, आणि त्या वासापायी लोकांनी कित्येक दिवस रस्ता बदलला. तेव्हापासून त्याचं नाव 'शास्त्रज्ञ' पडलं होतं. आई तेवढी येईल त्याला सांगायची, असाच वास यायला पायजे त्याला, तुमाला कळत न्हाई… नाकाला पदर लावून सांगायची.

सांगायची गरजच काय? आईला काही कळलेलं नाही. गाईला तर नाहीच नाही. गप्प बसलं तर आयुष्यात पहिल्यांदा आपण बरोबर ठरतो — फक्त आपण बरोबर नव्हतो, एवढीच एक बारीक अडचण…

"बोला शास्त्रज्ञ," डेअरीचे चेअरमन गेणभाऊ म्हणाले. "पण मुरघासाचं नगं, राव. आत्ताच च्या घेतलाय."

हसू ओसरेपर्यंत सुदर्शन थांबला. मग ज्या आवाजात खोटं बोलायचं ठरवलं होतं, त्याच आवाजात तो म्हणाला, "पावडर आई आंबोणात शिजवत व्हती. शिजवली की ती मरती. मंग गाय कशानं सुधारली, ते मला न्हाई सांगता यायचं."

पूर्वी मेंढरं राखणारा आणि आता दोन गाई बाळगून असलेला जानकू मागून पुढे सरकला.

"म्हंजी मेली तरी गुण देती?"

"तसं न्हाई, जानकूभाऊ —"

"आरं, मग लईच झ्याक की! जितेपणी काम समदीच करत्यात."

"ऐकलं का?" गेणभाऊंनी मांडीवर थाप मारली. "ठरलं. मागवायची. आन् समद्यांनी शिजवूनच घालायची. सुदर्शनरावांच्या गोठ्यात परयोग झालेला हाय."

सुदर्शनराव. त्याने समजावून सांगायला तोंड उघडलं, पण कुणीतरी पाठीवर हात ठेवला, आणि तो हात इतका ऊबदार होता की वाक्य तिथेच राहिलं. खरं बोलून माणूस इतका खोटा ठरू शकतो, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

घरी आला तेव्हा आई गाईजवळ बसली होती. घमेल्यातलं आंबोण हाताने ढवळून निववत, एकेक घास गाईच्या तोंडाशी धरत. हे ती रोज करत होती? त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो घरात नोंदी करत असायचा.

"काय म्हणली लोकं?"

"शिजवूनच घालायची ठरलं."

"मी म्हणलंच व्हतं," ती वर न बघता म्हणाली, "गुण हाय तुझ्या पावडरीला."

त्या आवाजात काहीतरी होतं. किंवा नव्हतं. मुरघासाच्या वेळी नाकाला पदर लावून बोलतानाही तिचा आवाज असाच सरळ यायचा… म्हणजे गुण पावडरीचा नाही, हे तिला माहीत होतं? पहिल्या दिवसापासून? बाजरी, ऊब, हा हात — आणि वरून माझी पावडर, माझ्यासाठी? तो खाली बसला. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ती काही लपवणारी बाई नव्हे. गाय खरखरीत जिभेने तिचं मनगट चाटत होती. तो विचारणारच होता. आयुष्यभर त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागलं, आणि आता ते हाताच्या अंतरावर बसलेलं असताना त्याला जाणवलं की ते आपल्याला नको आहे — निदान हे घमेलं रिकामं होईपर्यंत तरी.