लेखणीला लावलेली विभूती

मित्रांनो, मी उमरग्याजवळच्या मुरुम गावातल्या एका घरातली जुनी पाटी आहे. पाटी म्हटलं की तुम्ही पेन्सिल शोधाल आणि थुंकी लावून पुसायला बघाल. तसलं काही माझ्यावर चालत नाही. माझ्यावर काढलेली रेघ माझ्या अंगावर उमटतच नाही, ती समोर संगणकाच्या पडद्यावर उमटते. मला वायरने संगणकाला जोडायचं, माझ्याबरोबर आलेली लेखणी हातात धरायची आणि चित्र काढायचं. शिकलेली माणसं मला ग्राफिक्स टॅबलेट म्हणतात. या घरच्या उमादेवींनी पहिल्याच दिवशी मला पाटी म्हटलं आणि तेच नाव मला चिकटलं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तिथं माझ्यासारख्याच बहिणी पट्ट्यावरून सरकत होत्या आणि कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं. एक गोष्ट मात्र नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्या लेखणीच्या टोकाला प्लॅस्टिकची बारीक काडी असते. दाबली की ती केसभर आत जाते, लेखणी उचलली की परत वर येते. ती किती आत गेली यावरून मला कळतं, की जाड रेघ हवी की बारीक. ती वर आली की कळतं, हात उचलला, आता थांबायचं. एवढीच माझी अक्कल. आणि ती हलावी म्हणून तिच्याभोवती जराशी फट ठेवलेली असते.

मी या घरात आले ती महानंदासाठी. महानंदा ही उमादेवींची सून. लग्नाआधी तिनं चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स केला होता. लग्नानंतर तिची कला दारातल्या रांगोळीपुरती आणि नवऱ्याच्या खत-बियाणांच्या दुकानातल्या पाट्यांपुरती उरली होती. 'उधार मागून लाजवू नये' याच्या शेजारी तिनं काढलेलं लाजरं वासरू बघायला गिऱ्हाईक थांबायचं आणि उधारीही मागायचं. मग एकदा तिनं धीर करून पुण्याच्या एका प्रकाशनाला पक्ष्यांची चित्रं पाठवली. तिथल्या संपादक बाईंचा फोन आला. मुलांसाठी माळावरच्या पक्ष्यांचं पुस्तक करायचं आहे, तुमचा हात चांगला आहे. पण चित्र संगणकावर काढलेलं हवं, रंग वेगवेगळे करता आले पाहिजेत. शाळा उघडायच्या आत टिटवीचं एक चित्र पाठवा. ते जमलं तर सगळं पुस्तक तुमचं, वर नाव तुमचं.

त्या शेवटच्या तीन शब्दांनी महानंदाची झोप उडाली.

"कागद हाय, रंग हायत. आता ही काळी फळी कशाला?" तिचा नवरा सोमेश म्हणाला.

"तुझ्या दुकानात वजनाचे तीन काटे हायत की," उमादेवी म्हणाल्या. "एकानं भागत न्हाई का? आण गुमान."

मुलगा गुमान आणायला गेला. या घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो, हे मी खोक्यात असतानाच ओळखलं.

आता संगणकाचं ऐका. तो दुकानातून निवृत्त होऊन घरी आलेला म्हातारा. त्याच्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं होतं रुद्रेशनं. रुद्रेश म्हणजे सोमेशचा धाकटा भाऊ, पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला. लिनक्सविषयी बोलताना त्याचा चेहरा असा व्हायचा, जसा काही जणांचा लेकीच्या मार्कांविषयी बोलताना होतो.

"फुकट मिळतंय म्हणून घरात आणलास व्हय?" सोमेश त्याला डिवचायचा.

"फुकट न्हाई दादा, मोकळं हाय. कुणीबी उघडून बघावं."

"मग तसंच झालंय. कुणीबी उघडतंय, बंद कुणाला करता येईना."

बसवजयंतीसाठी रुद्रेश घरी आला होता. त्यानंच मला जोडलं. सुरुवातीला मी नुसती उंदरासारखी पळत होते. रेघ सगळी सारखीच जाड, जणू दोरीच पडली आहे. रुद्रेशनं पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, तिच्यात काहीबाही टाईप केलं, ओठ चावले, पुन्हा टाईप केलं. "आता फिरवा हात, वैनी."

महानंदानं हात फिरवला. रेघ केसासारखी निघाली, मधे भरली आणि शेवटी पुन्हा निमुळती होत हवेत विरली. टिटवीचा एक पाय काढून झाला होता. तिनं दुसरा पाय काढला. मित्रांनो, ती संध्याकाळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. बटाट्याची भाजी लागली तरी तिला वास आला नाही, आणि उमादेवींनी खालून गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी बसवजयंती. या घरात नवी वस्तू आली की तिला विभूती लागल्याशिवाय ती घरची होत नाही. मोटारसायकलीला लागली, फ्रिजला लागली, पिठाच्या गिरणीच्या मोटारीलाही लागली आणि सगळ्यांचं चांगलं चाललं आहे. सकाळी लिंगपूजा आटोपून उमादेवी माझ्याकडे आल्या. विभूतीचा गोळा त्यांनी पाण्यात चांगला भिजवला होता. तीन बोटांनी माझ्या कपाळावर तीन पट्टे ओढले. मग लेखणी उचलली. "काम तर हीच करती," असं म्हणत त्यांनी नेमकी टोकाला, त्या काडीभोवती, ओली विभूती मायेनं दाबून लावली आणि डोळे मिटून हात जोडले.

मला त्या वेळी फक्त गार वाटलं.

संध्याकाळी रुद्रेशनं लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि सकाळच्या गाडीनं तो पुण्याला गेला. तोवर लेखणीतली विभूती वाळून चुन्यासारखी घट्ट झाली. काडी आत जी बसली ती बसली. महानंदानं दुपारी चित्र उघडलं. लेखणी टेकली, टिटवीची पाठ काढली, हात उचलला. पण मला हात उचललेला कळेना! मला वाटत राहिलं, अजून दाबलेलंच आहे. पाठीपासून डोळ्यापर्यंत, डोळ्यापासून चोचीपर्यंत मी काळी जाड रेघ ओढत गेले. टिटवी दाव्याला बांधल्यासारखी दिसायला लागली.

घरात सगळ्यांना दोषी लगेच सापडला. संध्याकाळी नवं लिनक्स चढलं, दुसऱ्या दुपारी पाटी बिघडली. आणखी काय पुरावा हवा? खुद्द रुद्रेशनंही मान्य केलं, कारण त्याच्या मनात तेच होतं. मग रोज फोनवरून उपचार सुरू झाले.

"वैनी, आता डॅश मारा. एक न्हाई, दोन."

"मारले, भाऊजी."

"मधे जागा सोडली का?"

"तुम्ही सोडा म्हणाला न्हाईत."

"आता एंटर दाबू नका!"

"दाबलं."

पलीकडून लांब श्वास ऐकू यायचा. जुनी आवृत्ती घातली, नवी काढली, ड्रायव्हर, म्हणजे मला चालवणारा प्रोग्रॅम, उपटला, पुन्हा लावला. माझी वायरसुद्धा बदलली. लेखणीचं टोक मात्र कुणी बघितलं नाही. एका शनिवारी रुद्रेश मुद्दाम येऊन गेला, तेव्हा त्यानं लेखणी हातात घेतली. माझ्या जिवात जीव आला. त्यानं ती फडक्यानं टोकाकडं दाबून पुसली, त्यामुळं उरलेली विभूतीही फटीत गेली, आणि तो पुन्हा काळ्या खिडकीकडे वळला.

सोमेशनं मग मोबाईल दुरुस्तीवाल्या गौरीशंकरला बोलावलं. तो आपला विंडोजचा लॅपटॉप घेऊन आला. मला त्याला जोडलं. तिथंही मी तशीच ओढत राहिले.

"बघा!" गौरीशंकर मांडीवर थाप मारून म्हणाला, "लिनक्सनं हिचं डोकंच फिरवलंय. आता विंडोजवर बी तसंच करायलीय."

"म्या म्हणलं नव्हतं?" सोमेश म्हणाला.

मित्रांनो, माणसांचा हिशेब मी तिथं शिकले. दोन वेगळ्या संगणकांवर एकच दुखणं, म्हणजे दुखणं संगणकाचं नाही, इतकं साधं गणित होतं. पण एकदा चोर ठरला की पुरावासुद्धा त्याच्याच नावावर जमा होतो. मला वाचा असती तर मी ओरडले असते, की अरे, टोक बघा!

आणि सगळ्यात वाईट म्हणजे दर सोमवारी उमादेवी यायच्या. सुनेचा उतरलेला चेहरा त्यांना बघवत नव्हता. त्या माझ्यापुढं बसायच्या, "बाई, तिचं काम होऊ दे," म्हणायच्या आणि आजारी लेखणीच्या तोंडाला पुन्हा ओली विभूती लावायच्या. त्यांच्याइतकं माझं भलं कुणी चिंतलं नाही, आणि त्यांच्याइतकं घट्ट बूच मला कुणी मारलं नाही.

शाळा उघडायचे दिवस जवळ आले. शेवटी महानंदानं कागदावरच टिटवी रंगवली. ती स्कॅन करायला सोमेश भर उन्हात उमरग्याला गेला. फळी म्हणून हिणवणारा माणूस चित्राला घडी पडू नये म्हणून ते छातीशी धरून गाडीवर बसला होता म्हणे. मला त्याचं नवल वाटलं.

दोन दिवसांनी संपादक बाईंचा फोन आला. चित्र फार सुंदर आहे, पण यातले रंग वेगळे करता येत नाहीत. थांबायला वेळ उरला नाही, काम दुसऱ्या कुणाला दिलं आहे. वाईट वाटून घेऊ नका.

"बरं," महानंदा म्हणाली. मग ती सुपात तुरीची डाळ घेऊन बसली. निवडलेलीच डाळ तिनं पुन्हा निवडली. उमादेवींनी दारातून ते बघितलं.

"म्या एवढं हात जोडलं, तरी कसं काय गं?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतरचं माझं आयुष्य तुम्ही ओळखलं असेल. मी कपाटावर गेले. तिथून सोमेशच्या मांडीवर आले, तेव्हा त्यानं माझ्यावर भाजलेल्या शेंगा फोडल्या. टरफलं माझ्या बटणांत शिरली. महानंदा खोलीत यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. शेंगांचं मला काही वाटलं नाही. तिनं नजर फिरवलेली मात्र मला अजून लागते.

दसऱ्याच्या सुमाराला पुण्याहून ते पुस्तक आलं. संपादक बाईंनी आठवणीनं पाठवलं होतं. महानंदानं एकेक पान उलटलं. टिटवीच्या पानावर ती थांबली. चित्र देखणं होतं. पण टिटवीचे पाय लाल रंगवले होते.

"पिवळे असतात," ती कुणाला तरी समजावल्यासारखं म्हणाली. घरात कुणी नव्हतं.

मग तिनं मला खाली घेतलं. टरफलं झटकली, अंग पुसलं. माझं खोकं शोधून काढलं. त्यात लेखणीच्या जादा काड्या होत्या आणि झिजलेली काडी उपसायची एक बारीक कडी होती. या घरात तिला आजवर कुणी हात लावला नव्हता. महानंदानं कडी लावून ओढलं. काडी निघेना. पुन्हा ओढलं. करकर आवाज झाला, काडी निघाली आणि तिच्यामागून तळहातावर पांढरी खपली पडली.

तिनं ती बोटांनी चुरडली. नाकाशी नेली. मग मान वळवून देवघराकडे बघितलं, आणि फटीत उरलेलं सगळं सुईनं कोरून काढलं.

नवी काडी बसवल्यावर मी पहिल्या संध्याकाळसारखी चालले. रेघ केसासारखी निघाली, भरली, विरली. लिनक्स तेच, संगणक तोच. तेवढ्यात बाहेरून उमादेवी आल्या. पडद्यावर पिवळ्या पायांची टिटवी बघून पिशवी खाली ठेवायचंही त्या विसरल्या.

"चालली का गं पाटी? काय झालं व्हतं तिला?"

मित्रांनो, इतके महिने या एका प्रश्नाची मी वाट बघत होते. आता माझं नाव धुऊन निघणार होतं. महानंदानं तळहात मिटला, पदराला पुसला.

"काही न्हाई, अत्ती. ते लिनक्सच तसलं. आता नीट झालं."

आमच्या या दोन राज्यांच्या सीमेवरच्या घरांत सासूला अत्ती म्हणतात. अत्ती खूश झाल्या. "मला ठावंच व्हतं. रुद्रेशनंच काय तरी केलतं. येऊ दे, कान धरते त्याचा."

"धरा," महानंदा म्हणाली. पुढं रुद्रेशला तिनं फोनवर खरं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "वैनी, कान माझाच ऱ्हाऊ द्या."

"मग आता त्या पुण्याच्या बाईला कळव की," उमादेवी म्हणाल्या.

"पुस्तक निघालं, अत्ती."

"दुसरं काढतील."

"बघू."

त्या 'बघू'चा अर्थ दोघींनाही माहीत होता. संपादक बाईंचा फोन अजून आलेला नाही.

मला बोलता येत नाही याचं मी आयुष्यभर दुःख केलं. त्या दिवशी मात्र मला वाचा नाही याचं बरं वाटलं. खरं सांगून माझं नाव सुधारलं असतं, पण त्या म्हातारीला आपला हात पुन्हा कुठल्याच वस्तूला लावता आला नसता.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एवढंच मागते. वस्तू रुसली तर दूरच्याला शिव्या देण्याआधी हातातलं टोक एकदा बघा. आणि जिच्यावर माया करायची, तिला काय सोसतं तेही विचारा. विचारायला क्षण लागतो. न विचारल्यानं एका बाईचं नाव पुस्तकावर यायचं राहिलं, ते राहिलंच.

पुढच्याच सोमवारी उमादेवी भिजवलेली विभूती घेऊन आल्या. पाटी बरी झाली म्हणून त्यांना आनंद झाला होता. त्यांची तीन बोटं लेखणीकडे निघाली. महानंदानं झटकन लेखणी पाठीमागं घेतली आणि कपाळ पुढं केलं.

"तिला झाली की लावून, अत्ती. आज मला लावा."