वाकळेच्या पोटातली भाकरी

तामलवाडीत जुन्या कपड्यांचं केंद्र सुरू झालं आणि मालनबाईंचा कुणावर विश्वास उरला नाही. सुनेवर तर मुळीच नाही. सून श्रावस्ती तिथंच कामाला. गावोगावचे जुने कपडे तिथं येत. धड कापडाच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवून शहरात विकायला जात. मशीन उरलेल्या चिंध्यांचा पुन्हा कापूस करी आणि त्याचं सूत सोलापूरला चादरींसाठी जाई.

“कापड कधी मरत नाही,” असं केंद्राच्या मॅडम उद्घाटनाला म्हणाल्या.

“माणूस मरतंय, अन् कापड तेवढं मरत न्हाय व्हय?” मालनबाई बसल्या जागेवरून बोलल्या. त्यांचे मालक, पिराजी, नुकतेच गेले होते.

दुसरं भांडण भाकरीवरून झालं. घरची वाकळ शिवताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून मग तोंड शिवायचं, वाकळेचं पोट रिकामं ठेवायचं नाही, ही इथली रीत. विकायच्या मालात मॅडमनी ती बंद केली, कारण मुंग्या लागतात. “उपाशी वाकळंत झोप लागंल का कुणाला?” मालनबाई कडाडल्या. ऐकतंय कोण!

तेव्हापासून घरातलं फडकं जरी दिसेनासं झालं, तरी त्यांची नजर सुनेच्या पिशवीवर जाई. एकदा त्यांनी पिशवी उपसलीसुद्धा. आत नुसता जेवणाचा डबा. शंका काही गेली नाही. बाई हुशार आहे, एवढंच त्यांना पटलं.

आणि आज ट्रंक उघडली, तर पिराजींचा पांढरा सदरा नाही! जयंतीला आणि विहारात जाताना ते तोच घालत. खिशाखाली पेनाची निळी शाई सांडलेली, धुऊन धुऊनही न गेलेली. नवऱ्याच्या अंगाचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं. मशीनमध्ये गेला असेल, तर संपलंच सगळं.

त्या अनवाणीच केंद्रात पोचल्या. सासू दिसताच श्रावस्तीनं मांडीवरची वाकळ ढिगाखाली सारली.

“काय दडवलीस गं?”

“काय न्हाय, आत्या.”

मालनबाईंनी वाकळ ओढून काढली. मधोमध पांढरं ठिगळ होतं आणि त्यावर निळा डाग.

“त्यास्नी इकायला काढलंस व्हय गं?”

शिवणाऱ्या बायांचे हात थांबले. श्रावस्तीनं मान खाली घातली. मालनबाईंना तीच कबुली वाटली. त्यांनी शेजारची कात्री उचलली आणि कोपऱ्यापासून वाकळ उसवायला घेतली. दोन टाके तुटले आणि फरशीवर भाकरीचा वाळका तुकडा पडला.

मालनबाई बघतच राहिल्या. विकायच्या वाकळेत भाकरी नसते.

“कसर लागली हुती सदऱ्याला,” श्रावस्ती हळूच म्हणाली. “पाठीची पार चाळण झालती. धड हुतं तेवढं जोडलं. तुमी झोपंत शेजारी हात फिरवून बघता, आत्या. म्हनलं, हाताला कायतरी लागावं.”

“मला इचारायचं हुतंस.”

“इचारलं असतं तर दिला असता?”

“न्हाय!” मालनबाई ओरडल्या आणि खालीच बसल्या. त्यांना रडू आवरेना. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं नाक पुसलं. “सुई आन. अन् डब्यात ताजी भाकर असंल, ती बी.”

श्रावस्तीनं डबा उघडून लहानसा तुकडा मोडला. मालनबाईंनी तो तळहातावर घेऊन बघितला.

“मोठा मोड. एवढ्यानं त्येंचं भागत न्हाय.”